टेप खिळ्यावर आहे

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक खिळा आहे. त्याच्यावर कॅलेंडर नाही, पिशवी नाही, किल्ल्या नाहीत. कुणी चुकून छत्री जरी अडकवली तरी मी ओरडते. तो खिळा माझ्या सुनेच्या टेपचा. मापं घ्यायची पिवळी टेप, कडा झिजलेल्या, पहिले दोन-तीन आकडे पुसून गेलेले. ती टेप तिच्या गळ्यात असली की ती आमची. सून म्हणा, बायको म्हणा, आई म्हणा, काय हवं ते मागा. टेप खिळ्यावर असली की ती कुणाचीच नाही. मग घराला आग लागली तरी आधी मला येऊन सांगायचं. आग बघून मी ठरवीन तिला उठवायचं की नाही ते.

हसू नका. ही शिस्त काही आभाळातून पडली नाही.

आधी माझं सांगते, कारण मी मध्ये मध्ये बोलणारच आहे. मी जन्मभर तोंडाची नोकरी केली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात दोऱ्या, याची लाइन त्याला जोडून द्यायची. भल्याभल्यांना मी ‘लाइन एंगेज आहे, नंतर करा’ असं म्हणून गप्प बसवलंय. तिथे कानावर पडलेलं मात्र तिथेच ठेवावं लागायचं, नोकरीचा प्रश्न होता. त्याची सगळी कसर मी घरी भरून काढली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे.

सून शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर आहे. कटरचं काम म्हणजे जोखमीचं. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वर जाड कागदाचा नमुना ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि मशीनने सगळे थर एका दमात कापायचे. घरी शिवणारीची चूक झाली तर एक सदरा जातो. कटरची चूक झाली तर अख्खा वर्ग उघडा.

आणि ही बाई गोष्टी लिहिते. लग्न ठरवताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी म्हटलं असतं, लिहू दे की बापडी, लिहिण्याने काय दूध उतू जातं?

जातं. आमच्याकडे रोज जायचं.

तेव्हा तिच्या लिहिण्याला ना वेळ ना काळ. ओट्याशी उभी राहून लिही, बसमध्ये लिही, जेवताना डाव्या हाताने कागद दाबून उजव्या हाताने लिही. कारखान्यातून नमुन्यांचे रद्दी कागद आणायची आणि त्यांच्या पाठीवर लिहायची. एकीकडे नात गणित विचारतेय, ही ‘हं हं’ म्हणतेय, आणि पोरीचं उत्तर चुकलं तरी हिचं ‘हं’च. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी ठरत नाही म्हणून. ती एकदा माझ्याकडे येऊन म्हणाली, “आजी, आई आहे पण आई नाहीये.” पोर एवढीशी, पण बोलली ते माझ्या काळजाला लागलं. आणि एवढं करून एक गोष्ट पुरी होईल तर शपथ. कुठे सुरुवात, कुठे मधलाच तुकडा. मी तिला तोंडावर सांगायची, एक ना धड, भाराभर चिंध्या. हसायची आणि पुन्हा लिहायला लागायची.

मग एक दिवस ती कारखान्यातून आली आणि पायताण न काढता तशीच आत येऊन बसली. चेहरा पांढराफटक. मला वाटलं हात कापला.

“आई, मी सगळ्या बाह्या डाव्या कापल्या.”

मला काही कळेना. तिने समजावून सांगितलं. त्या कापडाला सुलटी-उलटी बाजू होती. डावी बाही कापून झाली की उजवीसाठी नमुना पालथा घालायचा असतो. हिने पालथा घातलाच नाही. हात टेबलावर आणि डोकं नव्याने लिहायला घेतलेल्या कादंबरीत. तिच्या कादंबरीतली बाई त्याच वेळी म्हणे घर सोडून निघाली होती आणि दार आपटत होती. तिकडे दार आपटलं आणि इकडे एका शाळेचे सगळे उजवे हात गेले. मालकीणबाईंनी थप्पी बघितली आणि एवढंच विचारलं, “या शाळेतली सगळी पोरं दोन डाव्या हातांची आहेत का?” बाकीच्या बाया हसल्या. ही हसली नाही.

“मी लिहिणं सोडतेय,” ती म्हणाली. “माझ्याच्याने दोन्ही होत नाही.”

खरं सांगते, मला आनंद व्हायला हवा होता. दूध वाचलं असतं. पण तिने ते ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला ऐकवेना. आणि मला आला राग.

“अगं, लिहिल्यामुळे बाह्या चुकल्या नाहीत,” मी म्हटलं. “कापायच्या टेबलावर लिहीत होतीस म्हणून चुकल्या. मी बोर्डावर बसायची तेव्हा एका लाइनवर दोन कॉल घातले असते तर काय झालं असतं? दोघंही बोंबलत बसले असते आणि कुणालाच काही ऐकू गेलं नसतं. एका वेळी एक कॉल. दुसऱ्याला सांगायचं, एंगेज आहे.”

तिच्या गळ्यात तेव्हाही टेप होती, कामावरून आली की काढायचं भानच नसायचं तिला. ती तिने काढली, हातात गुंडाळली, उलगडली. मग म्हणाली, “सकाळी सगळ्यांचा पहिला चहा झाल्यावर, कामावर निघायच्या आधी, एक तास मला मिळेल?”

“मिळणार कसा नाही? मी बसते ना दाराशी.”

तो खिळा मीच ठोकला. वाकडा गेला, पण बसला पक्का.

त्या दिवसापासून तो तास सुरू झाला. टेप खिळ्यावर टांगायची, खिडकीशी बसायचं, तासभर लिहायचं. तास संपला की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं, टेप गळ्यात. आणि टेप गळ्यात असताना कादंबरीचं नावही काढायचं नाही, हे तिचं तिनेच ठरवलं. सुरुवातीला तिला फार जड गेलं. भाजी चिरताना मध्येच हात थांबायचा, डोळे कुठेतरी लागायचे. मग ती स्वतःच टेप चाचपायची आणि पुन्हा चिरायला लागायची. महिन्या-दोन महिन्यांत भिंगरीची गणितं बरोबर यायला लागली.

माझी धाकटी बहीण, तिला आम्ही बातमीदार म्हणतो, ती नेमकी त्याच वेळी फिरायला निघते आणि नेमकी आमच्याकडे टेकते. मी दारातच सांगितलं, “लाइन एंगेज आहे.” ती रुसली. म्हणाली, “मोठी लेखिका लागून गेली! पुस्तक कुठंय तिचं?” मी म्हटलं, “तुला आत सोडलं नाही तर होईल.” दोन आठवडे आली नाही. मग आली, पण उशिराने आली.

आता मुद्द्याचं. या तासातासाने कादंबरी निम्म्याच्या वर आली. तेव्हा कारखान्यातल्या कुणाच्या तरी ओळखीने एका प्रकाशकांनी ती अर्धी वाचली. म्हातारे गृहस्थ, एका खोलीचं दुकान, छतापर्यंत पुस्तकं. त्यांनी हिला बोलावून घेतलं आणि म्हणाले, “बाई, मी हे छापीन. पण वर्ष सरलं की मी दुकान बंद करून लेकीकडे राहायला जातोय. त्याआधी पुरं आणून द्या. मला शेवटचं पुस्तक चांगलं काढायचंय.”

इतकी वर्षं हिने त्या अर्ध्यामुर्ध्या गोष्टी कुठे कुठे पाठवल्या होत्या, त्याचं कुणी साधं उत्तर दिलं नव्हतं. आणि आता हा माणूस स्वतःहून मागतोय, पण दार बंद व्हायच्या आत. ती घरी आली आणि उरलेले महिने बोटांवर मोजत बसली. एका तासाने पुरं होणार नाही, असं तिने मनाशी घेतलं. आम्हीही घेतलं. आणि मग आमच्या घराने जी चूक केली ती फक्त आमचंच घर करू जाणे.

आम्ही तिला सगळा दिवस दिला.

माझ्या लेकाचीच कल्पना ती. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. म्हणाला, “तू महिनाभर बिनपगारी रजा घे. घर आई बघेल, भिंगरीला मी बघतो. तू फक्त लिही.” मालकीणबाईंनी कुरकुरत रजा दिली. टेप सकाळी खिळ्यावर चढली ती संध्याकाळपर्यंत तिथेच.

आणि आम्ही सगळे मांजरं झालो. लेकाने घरातल्या एकूण एक बिजागरीला तेल घातलं, दारं करकरू नयेत म्हणून. आता दार उघडलेलं कळायचंच नाही, सारखे एकमेकांवर आदळून दचकायचो. भिंगरी चपला हातात धरून चालायची. मी कुकर बंद केला आणि शिट्टी नको म्हणून सगळं पातेल्यात शिजवायला लागले. गॅस जळून गेला नुसता. शेजारणीला खुणेने सांगायची, बोलू नको, आत काम चाललंय. तिला वाटलं घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. ती बिचारी फळं घेऊन आली.

आणि आत काय चाललं होतं? काही नाही!

पहिल्या दिवशी तिने टेबल आवरलं. मग कपाट आवरलं. मग माझ्या सगळ्या उशांना नवे अभ्रे शिवले. मी विचारलं, “अगं, कादंबरी?” म्हणाली, “डोक्यात चाललंय.” तिची ती कादंबरीतली बाई, दार आपटून गेलेली, आता कित्येक वर्षांनी भावाच्या घरी परत आली होती आणि दारात उभी होती. पुढचं सगळं पुस्तक त्या दाराच्या आत होतं. मी रोज संध्याकाळी विचारायची, “आत गेली का ती?”

“नाही.”

दुसऱ्या दिवशी, “आत गेली का?”

“दारातच आहे.”

एवढ्या वेळात मी चार घरं फिरून आले असते. शेवटी एक दिवस मी भडकले. “अगं, किती उभी करशील तिला? पाय दुखले असतील! आम्ही इथे चोरासारखे चालतोय, बिनमिठाचं जेवतोय, कारण मला मिठाचा डबासुद्धा आपटायची भीती, आणि तुझी बाई उंबरा ओलांडत नाही?”

ती रडायला लागली. मोठ्याने नाही. टेबलावर कपाळ टेकून. मला भडभडून आलं. एवढं बोलायला नको होतं. मी जवळ गेले, पाठीवरून हात फिरवला.

“आई,” ती म्हणाली, “घरात कुणी बोलतच नाही. मला बायका कशा बोलतात तेच आठवेना. सकाळी बसते तेव्हा वाटतं, अख्खा दिवस आहे, घाई काय. आणि संध्याकाळी वाटतं, अख्खा दिवस गेला. मला उद्यापासून कामावर जायचंय.”

“डोकं फिरलंय का?” मी म्हटलं. “वर्ष सरत आलं. रजा अजून बाकी आहे. आणि आता कामावर?”

“हो.”

“आणि ते म्हातारबुवा गेले म्हणजे?”

“गेले तर गेले. असं बसून तर मी नक्कीच पुरं करणार नाही. तासभर बसून केलं तर कदाचित करीन.”

लेकानेही समजावून पाहिलं. पण ही बाई एकदा ठरवलं की ठरवलं. तिने खिळ्यावरची टेप काढली, गळ्यात घातली आणि सरळ ओट्याशी येऊन भांडी घासायला लागली. घासली ती अशी की अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं. भिंगरी धावत आली आणि ओरडली, “आता बोलायचं?” मी म्हटलं, “बोल बाई, बोल, पोटभर बोल.” अति तिथे माती म्हणतात ते आम्हाला इतके दिवस ती माती खाऊन कळलं. दुसऱ्या दिवशी मी कुकर लावला. त्या शिट्टीसारखं गोड काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

कामावर परतल्यावर काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत काज-बटण करणारी एक बाई आपल्या भावजयीबद्दल बोलत होती. म्हणाली, “मी भावाकडे गेले ना, की मागच्या दाराने जाते. पुढचं दार पाहुण्यांचं. पुढच्या दाराने गेले तर मला बसा म्हणतील.” बाकीच्या हसल्या. हिने डबा तसाच झाकला. पण लिहायला बसली नाही हो! टेप गळ्यात होती. दिवसभर बाह्या कापल्या, डावी डावी, उजवी उजवी. ते वाक्य तिने पोटात ठेवलं आणि सकाळी टेप खिळ्यावर टांगून मगच बाहेर काढलं.

त्या संध्याकाळी, एवढ्यापुरता आपला नियम मोडून, मी विचारायच्या आधीच म्हणाली, “आई, गेली. मागच्या दाराने.”

मी टाळ्या वाजवल्या. लेकाला वाटलं लॉटरी लागली.

पण पुढचं सगळं लोण्यासारखं झालं असं नाही. वर्ष सरत चाललं होतं. मध्येच भिंगरीला ताप आला, चांगला चढता. त्या सकाळी टेप गळ्यातही नव्हती आणि खिळ्यावरही नव्हती, कुठेतरी पलंगाखाली पडली होती. सून पोरीच्या उशाशी बसून होती. मी म्हटलं, मी बसते, तू तुझा तास घे. म्हणाली, “आज नाही.” असे लागोपाठ चार-पाच दिवस गेले. पोर बरी झाली तेव्हा मला वाटलं आता ही दोन दोन तास बसून भरपाई करणार. नाही केली. एकच तास. मी विचारलं तर म्हणाली, “बुडालेला तास वसूल करायला गेले की मग रजेसारखंच होतं. गेला तो गेला. आजचा आहे ना.”

मला धाकधूक व्हायची. तिलाही होत असणार, मनातल्या मनात. एक दिवस मी चिडून म्हटलं, “अर्धा तास जास्त बसलीस तर काय आभाळ कोसळेल? मी भाजी टाकते.” तर म्हणाली, “आज अर्धा बसेन, उद्या एक बसेन, परवा पुन्हा बाह्या डाव्या.” तिचं खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

वर्षाचे शेवटचे दिवस आले तेव्हा ती थप्पी घेऊन गेली. नमुन्याच्या कागदांवर नाही, चांगल्या कोऱ्या कागदांवर नीट उतरवलेली. प्रकाशकांच्या दुकानात निम्मी फडताळं रिकामी झाली होती. त्यांनी थप्पी घेतली, वजन केल्यासारखी हातात तोलली आणि म्हणाले, “पुढचं अर्धं जमलं नसलं तर मी स्पष्ट सांगेन हं. शेवटचं पुस्तक आहे.”

“सांगा,” ही म्हणाली.

घरी आली, जेवली, झोपली. मी म्हटलं, चला, सुटलो. उद्या सकाळी निवांत चहा पिऊ दोघी.

कसलं काय! सकाळी बघते तर टेप खिळ्यावर.

“अगं, पुस्तक झालं ना?” मी विचारलं.

“ते झालं,” ती म्हणाली. “तास आहे तो आहे.” आणि बसली खिडकीशी, कोरा कागद घेऊन.

आठवडा गेला, दुसरा गेला. निरोप नाही. ती कामावर जायची, यायची, भिंगरीचा अभ्यास घ्यायची. त्या विषयावर चकार शब्द नाही. मी मात्र रोज फोनकडे बघायची. म्हातारबुवा लेकीकडे निघून तर नाही ना गेले, या विचाराने मला झोप लागेना.

आणि एका सकाळी, टेप खिळ्यावर असताना, फोन वाजला.

मी झडप घातली. तेच होते.

“बाई आहेत का?”

मी आत बघितलं. पाठमोरी बसलेली, मान खाली, पेन चाललेलं. समोर टेप लटकतेय. आणि फोनवर तो माणूस, ज्याच्यासाठी आम्ही इतके महिने जीव मुठीत धरला होता. देवाशपथ सांगते, मला घाम फुटला. पण तोंडातून जे निघायचं तेच निघालं.

“लाइन एंगेज आहे.”

“काय?”

“ती लिहितेय. तास संपायचाय अजून. मी सासू. नंतर करा, नाहीतर मला सांगा.”

ते जे हसले! म्हणाले, “मग तुम्हीच सांगा. छापतोय म्हणावं, छापूनच लेकीकडे जाईन. दुसरा अर्धा भाग पहिल्याहून चांगला आहे. ती बाई मागच्या दाराने आत जाते ना, तिथे मी चष्मा काढून ठेवला.”

मी फोन ठेवला. आणि आता? तास संपायला वेळ होता. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी ओट्याशी गेले, परत आले. ओठ आपोआप उघडायला लागले. शेवटी मी पाण्याचा मोठा घोट घेतला आणि तोंडात तसाच धरून खिळ्याखाली बसले. लेक कामावर निघाला, म्हणाला, “आई, कुणाचा फोन होता?” मी गाल फुगवून हात हलवले. त्याला वाटलं दाढ दुखतेय, लवंग धर म्हणाला आणि गेला. डोळ्यांतून पाणी वाहतंय, तोंडात पाणी, आणि मी बसलेय.

तास संपला. खुर्ची सरकली. ती उठली, आली, टेप काढून गळ्यात घातली. मग माझ्यासमोर खाली बसली आणि हळूच विचारलं, “काय म्हणाले?”

मी पाणी गिळलं. ठसका लागला. “म्हणजे? तुला फोन ऐकू गेला?”

“गेला ना. तुम्ही ‘लाइन एंगेज’ म्हणालात तेही ऐकलं.”

“आणि तरी बसून राहिलीस? इतका वेळ? माझा जीव जात होता इथे!”

“माझाही जात होता,” ती म्हणाली. “पण टेप खिळ्यावर होती ना, आई.”

मी तिला सांगितलं.